त्यांना सांग, मला इथून दिसतंय

लग्नानंतर अकरा वर्षं माझ्या सासूबाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं मी त्यांना कॉम्प्युटर शिकवत होतो.

हे ऐकलं की लोकांना वाटतं, आमचं काहीतरी वाकडं असणार. तसं मुळीच नव्हतं. सासुरवाडी धारची, जुन्या दरबारी घराण्यातली. तिथे सासूने जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्यासमोर खुर्चीत बसायचं नाही आणि त्याच्याशी सरळ बोलायचं नाही, अशी मर्यादा होती. संस्थान जाऊन जमाना लोटला होता, घरातली मंडळी पगारदार झाली होती, पण ही मर्यादा मात्र सासूबाईंनी चांदीच्या ताम्हनासारखी घासूनपुसून जपली होती. मी पानावर बसलेला असायचो, त्या हाताच्या अंतरावर पुरणपोळी घेऊन उभ्या असायच्या आणि आपल्या मुलीला म्हणायच्या, "जावईबापूंना विचार, आणखी अर्धी घेतील का?" मी "नको" म्हणायला तोंड उघडलं की बायको टेबलाखालून पाय दाबायची. उत्तरसुद्धा तिच्यामार्फतच जायला हवं होतं.

मला हे सगळं नवीन होतं. माझे वडील साताऱ्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आले. आमच्या कॉलनीत कुणीही कुणाच्या स्वयंपाकघरात शिरून डब्यातला लाडू खायचं आणि "भाभी, बेसन थोडं कच्चं राहिलंय" असं सांगून जायचं. आमची मराठीही तशीच, अर्धी हिंदी, वर मालवीची फोडणी. धारला गेलो की सासूबाईंच्या तोंडून "आपण जेवून घ्यावे" असं ऐकायला मिळायचं, तेही मला उद्देशून नाही, माझ्या बाजूच्या भिंतीला उद्देशून.

आता कॉम्प्युटरचं. मी कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला स्टोअरचा सगळा माल कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं आणि साहेबांनी मला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. परत आलो तो कॉलनीचा कॉम्प्युटरवाला होऊनच. मला येत होतं ते फार थोडं, पण इतरांना त्याहून थोडं येत होतं, त्यामुळे माझं चांगलं चाललं. एका रविवारी शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ स्कूटरवर आले. मागे त्यांची बायको, तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर. "भिया, बिटियाचा पूरा प्रोजेक्ट याच्यात होता, आता दिसतच नाही," ते म्हणाले. खालचा डबा कुठे आहे विचारलं, तर तो घरीच ठेवला होता. त्यात काही दिसत नसे, म्हणून तो आणायचं कारण नव्हतं. मी त्यांना चहा पाजला आणि गोधडीसकट परत पाठवलं. नंतर त्यांच्या घरी जाऊन प्रोजेक्ट शोधून दिला, पण जाताना दोन शब्द सुनावायला विसरलो नाही. माझा स्वभाव जरा तापट. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की माझा आवाज चढतो.

सासूबाईंच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या मेहुण्यामुळे. त्याला परदेशात नोकरी लागली आणि जाताना तो आपला कॉम्प्युटर आईच्या माजघरात मांडून गेला. मीही त्याच सुमारास, त्याच्याच ओळखीच्या दुकानातून, हुबेहूब तसाच कॉम्प्युटर घेतला होता. सासरे आमच्या लग्नानंतर दोनच वर्षांनी गेले होते. सासूबाई त्या घरात एकट्या, सोबतीला सकाळ-संध्याकाळ येणारी कामवाली. मुलाचं पत्र या यंत्रात येतं, फोटो या यंत्रात येतात, एवढं त्यांना समजलं होतं आणि तेवढ्यासाठी त्या ते यंत्र शिकायला तयार होत्या. कॉम्प्युटरला त्या यंत्र म्हणत. मुलगा फोनवर भराभर सांगायचा आणि "अगं आईसाहेब, सोपं तर आहे" म्हणून चिडायचा. त्याला विचारणं त्यांनी लवकरच सोडलं. मग प्रश्न देवासला येऊ लागले.

फोन वाजला की बायको उचलायची. मी शेजारच्या खुर्चीत. सासूबाई तिला सांगणार, ती मला सांगणार, मी तिला, ती त्यांना. बायको हिंदी शाळेत शिकवायची, कॉम्प्युटरशी तिला कर्तव्य नव्हतं. "आईसाहेब म्हणतायत की खालची पट्टीच गायब हो गई." "त्यांना म्हणावं, डोळे उघडून बघा, कुठे जाणार आहे पट्टी." हे वाक्य तिच्या तोंडून फोनमध्ये उतरताना असं व्हायचं, "हे म्हणतात, सावकाश बघा आईसाहेब, काही घाई नाही." माझा सगळा राग वाटेत विरघळून जायचा. कॉलनीत माझी ख्याती खेकसणारा अशी होती, पण धारमध्ये मी मोठा शांत आणि सोशिक माणूस म्हणून प्रसिद्ध होतो.

पण ही गाळणी दोन्ही बाजूंनी लागलेली होती. सासूबाई पाच मिनिटं बोलायच्या आणि बायको मला एक वाक्य सांगायची. बाकीचं काय म्हणाल्या असं विचारलं तर म्हणायची, "ते घरचं आहे. कामाचं तेवढं सांगितलं." कामाचं काय आणि घरचं काय, हे ती ठरवायची. याचा पुढे काय परिणाम होणार आहे याची आम्हा कुणालाच कल्पना नव्हती.

त्यांचे प्रश्नही पाहण्यासारखे असत. एकदा विचारलं, ती केराची टोपली दिवेलागणीनंतर रिकामी केली तर चालते का? कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाकाऊ फाइलींसाठी टोपलीचं चित्र असतं, ती. तिन्हीसांजेनंतर घरातला केर बाहेर टाकत नाहीत, लक्ष्मी जाते. मी हसत सुटलो. बायकोने फोनवर हात ठेवून डोळे वटारले. मग मी गंभीरपणे कळवलं की दिवसाउजेडीच केलेली बरी, आणि त्या खरोखरच रोज चारच्या चहाआधी टोपली रिकामी करू लागल्या. त्यांचा कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरपेक्षा नेहमी स्वच्छ असायचा.

इंग्रजी अक्षरं त्यांना लागत, शब्द लागत नसत. म्हणून त्यांनी एक वही केली होती. तीत पायऱ्या लिहिलेल्या आणि प्रत्येक पायरीपुढे पडद्यावरचं चित्र रेखाटलेलं. धारला गेलो असताना बायकोने ती मला चोरून दाखवली. पाकिटाचं चित्र, पिवळ्या फाइलीचं चित्र, वाळूच्या घड्याळाचं चित्र आणि त्यापुढे वळणदार अक्षरात, "हे असेपर्यंत यंत्रास हात लावू नये. रामरक्षा म्हणावी. संपेपर्यंत बहुधा जाते." मी इतकी वर्षं लोकांना थांबा, थांबा म्हणून ओरडत आलो होतो. याहून चांगली सूचना मला कधी सुचली नव्हती.

आता माझी चूक सांगतो. कॉम्प्युटर येऊन दोनेक वर्षं झाली असतील. एका संध्याकाळी त्यांची फोटोंची फाइल हरवली. मी म्हटलं, असं तोंडी किती सांगणार, आपलाही कॉम्प्युटर तस्साच आहे, तो समोर लावून बसू. लावला. मग माझी गाडी सुसाट सुटली. "त्यांना सांग, वर डाव्या कोपऱ्यात एक छोटं कॉम्प्युटरचंच चित्र आहे. त्यावर दोनदा टिचकी. आता पांढरी खिडकी उघडली, तिच्यात तीन राखाडी चित्रं, त्यातलं मधलं. आता पिवळ्या फाइलींची रांग लागली." पलीकडून दर वेळी "हो, आहे, हो" येत होतं. शेवटी बायको म्हणाली, "आईसाहेब विचारतायत, जावईबापूंना इतके बिनचूक कसे कळते?"

मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हटलं, "त्यांना सांग, मला इथून दिसतंय."

बायकोने ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे लगेच फोन ठेवला गेला. मला वाटलं, छाप पडली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पुढे जेव्हा जेव्हा मदत लागायची तेव्हा मी हेच वाक्य टाकायचो. दिसतंय मला, घाबरू नका म्हणावं.

त्यानंतर एक बदल झाला, तो माझ्या लक्षात आला पण अर्थ लागला नाही. बायको माहेरून आली की सांगायची, आईसाहेब यंत्रापुढे बसण्याआधी केस नीट करतात, लुगडं बदलतात, डोक्यावरून पदर घेतात. मला वाटलं, पोथी वाचायला बसावं तशा बसत असतील. घरात एकटी बाई, कुणी बघणारं नाही, तरी एवढा आदर. मी हे कारखान्यात दोघाचौघांना कौतुकाने सांगितलंही होतं.

मग मेहुण्याला मुलगा झाला. मध्यंतरी तो एकदाच येऊन गेला होता, बिनतारी फोन आणि लग्नाचा अल्बम देऊन. आता त्याने पार्सलने कॅमेरा पाठवला. तोवर धारमध्ये फोन चालू असतानाही चालणारं इंटरनेट आलं होतं. मी एकदा जाऊन कॅमेरा मॉनिटरच्या डोक्यावर बसवून आलो. दर रविवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे मेहुण्याकडे शनिवारची संध्याकाळ, आजीने नातवाला पाहायचं आणि नातवाने आजीला, असं ठरलं.

पहिल्या रविवारी सासूबाईंना बाळ दिसलं. बाळाला सासूबाई दिसल्या नाहीत. मेहुण्याच्या पडद्यावर नुसता काळा चौकोन आणि त्यातून आईचा आवाज. मी देवासहून बायकोमार्फत तासभर खटपट केली. तार काढा, लावा, यंत्र बंद करा, चालू करा. काळं ते काळंच. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी वैतागून बायकोला घेऊन सकाळीच बस पकडली, इंदूरला बदलली आणि धार गाठलं. कॅमेरा उघडाच होता. चालू केला तर पडद्यावर माझंच घामेजलेलं तोंड. मेहुण्यालाही स्वच्छ दिसत होतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या पडद्याआड. मला समाधान वाटलं, पोहे-जिलेबी खाल्ली, परत आलो. पुढच्या रविवारी पुन्हा काळं. मेहुणा मला म्हणाला, "दाजी, तुमचं थोबाड दिसतं, आईसाहेबांचं दिसत नाही. कॅमेऱ्याला तुम्हीच आवडता बहुतेक." त्याच्या आवाजात गंमत होती, पण थोडीच. दीड वर्षात त्याने आईला पाहिलं नव्हतं.

असे कितीतरी रविवार गेले. सासूबाई म्हणत, "मला बाळराजे दिसतात, तेवढे पुरे." पण बाळ पाच महिन्यांचं झालं, चेहरे ओळखू लागलं. सुनेची आई तिकडे जाऊन राहिली होती, तिला पाहून ते हात पसरायचं, आणि हे सासूबाईंना दर रविवारी समोर दिसायचं. काळ्या चौकोनातून आवाज आला की मात्र ते दचकायचं. एकदा रडलं. त्या दिवशी त्यांनी बायकोला फोन केला आणि कॉम्प्युटरबद्दल काहीच विचारलं नाही. फोन ठेवल्यावर बायकोचे डोळे भरलेले होते. "आईसाहेब म्हणाल्या, तो येईल तेव्हा मला पाहून पळेल. मी त्याला परकीच." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही काहीतरी करा ना." मी चिडलो. जे करता येण्यासारखं होतं ते सगळं करून झालं होतं. आणि मला मनातून लाजही वाटत होती, कारण सगळ्या देवासचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपल्या सासूचा चेहरा तिच्या नातवाला दाखवता येत नव्हता.

उष्टावणाचा रविवार ठरला. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला पहिल्यांदा खीर चाटवतात. सुनेचा भाऊ तिकडेच होता, तो मामा म्हणून चाटवणार होता, आणि सासूबाई इकडे धारला खीर करून देवापुढे ठेवणार होत्या. त्याच आठवड्यात बायकोच्या शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या. चार दिवस मैदानावर ओरडून शनिवारी रात्रीपर्यंत तिचा घसा पार बसला. रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. सवयीने तिने उचलला, "आई" म्हणायला गेली आणि नुसती हवा आली. दोनदा, तीनदा. मग तिने हतबल होऊन रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी तो कानाला लावला. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"नमस्कार आईसाहेब," मी म्हटलं. "तिचा घसा बसलाय. आज तुम्हालाच माझ्याशी बोलावं लागेल."

मला वाटलं, ठेवतात. बायको माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. बराच वेळ गेला आणि मग अगदी बारीक आवाजात, "बरे."

मी घाईघाईने सुरुवात केली. कॅमेऱ्याची तार बसली आहे का, बारीक दिवा लागला आहे का. त्यांनी मध्येच थांबवलं.

"आपण तिथून सारे पाहता," त्या म्हणाल्या, "मग विचारता कशास?"

"मी? मी कुठे पाहतो?"

"आपणच म्हणाला होता. यंत्र चालू केले की मी आपल्याला दिसते. चार वर्षे झाली." आवाजात राग नव्हता. खूप दिवस तोंडाशी आलेलं शेवटी बाहेर पडत होतं. "पदर घेऊन बसत आले, तोवर चालले. आता हा डोळा लावलात. जावयाने सासूकडे असे टक लावून पाहावे, हे बरे का? म्हणून मी त्यास टोपडे शिवले. मखमलीचे, नाडीचे. आपण स्वतः इथे आलात तेव्हा काढले होते. आपण इथे, तर तिथून पाहणार कोण. आपण गेलात, पुन्हा घातले."

इतक्या महिन्यांचे सगळे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. तार काढा, तार लावा.

"टोपड्याचं तुम्ही हिला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितले होते की. आज टोपडे शिवले म्हणाले. तिला वाटले बाळाचे."

मी बायकोकडे पाहिलं. तिला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. ती खुणेने विचारत होती, काय झालं, काय झालं.

"आईसाहेब," मी म्हटलं, "ऐका. तुमच्या घरी पंचांग आहे, आमच्या घरीही तेच पंचांग आहे. मी इथे पान उघडून तुम्हाला सांगू शकतो की तिथे वर काय छापलंय, खाली काय छापलंय. पण तुमचं पान मला दिसत नाही, आणि ते उघडून बसलेल्या तुम्ही तर मुळीच दिसत नाही. यंत्राचं तसंच आहे. दोन्ही सारखी आहेत, म्हणून मी आपलं बघून सांगत होतो. दिसतंय म्हटलं ते नुसता भाव खायला."

"मी कधीच दिसले नाही?"

"कधीच नाही."

"शपथ?"

"देवासच्या टेकडीवरच्या देवीची शपथ. आणि त्या डोळ्यातून फक्त तिकडे दिसतं, तुमच्या मुलाकडे. मला नाही."

मला आयुष्यात इतकं ओशाळं क्वचितच झालं असेल. माझ्या एका फुशारकीपायी या बाईने चार वर्षं आपल्याच घरात, एकटी असताना, डोक्यावरचा पदर सावरला होता. नातवाने ओळखावं म्हणून जीव तुटत होता आणि तरी मर्यादेपायी टोपड्याची नाडी सोडली नव्हती, आणि जावयाची अब्रू राखायला त्याचं कारणही कुणाला सांगितलं नव्हतं, कारण जावई असा टक लावून पाहतो हे मुलीला सांगणार तरी कसं. मी क्षमा मागितली. माझ्या तापट तोंडून हा शब्द सहसा निघत नाही, पण त्या दिवशी निघाला.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "आठ वाजत आले. खीर गार होते आहे."

बिनतारी फोन त्यांच्या हातातच राहिला होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पलीकडे मेहुण्याचं बोलणं सुरू झालं, इकडचं-तिकडचं, खीर झाली, सगळे जमले. आणि एकदम ते तुटलं. मग मेहुण्याचा आवाज आला. जन्मभर आईसाहेब म्हणत आलेला तो नुसतं "आई" म्हणाला. "आई, किती वाळलीस गं."

"आधी बाळास दाखव मला," सासूबाई म्हणाल्या. मग बाळाचा काहीतरी हुंकार आला आणि टेबलावर बोटांनी दोनदा टकटक केल्याचा आवाज. "कोण आहे तिकडे?" सासूबाई विचारत होत्या. "कोण आहे तिकडे?" मग बाळ हसलं. तिथे मी फोन ठेवला. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती आवाज नसताना हसली आणि आवाज नसताना रडली, दोन्ही एकाच वेळी.

त्या दिवसानंतर फोनवर त्या थेट माझ्याशी बोलू लागल्या. "नमस्कार जावईबापू, एक शंका आहे." गाळणी गेल्यामुळे मला आवाज चढवता येईना आणि सवय नसल्यामुळे सुरुवातीला फार जड गेलं. पण धारला प्रत्यक्ष गेलो की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी हातभर अंतरावर आणि सासूबाई आपल्या मुलीला म्हणणार, "त्यांना विचार, चहा आणू का?" फोनवरचं वेगळं आणि समोरासमोरचं वेगळं, असा त्यांनी मनाशी निवाडा केला असावा. टोपडं त्यांनी बाळाच्या कपड्यांबरोबर घडी करून ठेवलं. पदर मात्र कॅमेऱ्यासमोरही राहिला. म्हणायच्या, बाळराजांनी मला पहिल्यांदा पदरातच पाहिले, आता बदलायला नको.

नातू दोन वर्षांचा झाला तेव्हा ते सगळे धारला आले. आम्हीही देवासहून गेलो. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हात पुढे केले. लांबच्या प्रवासाने किरकिरलेलं पोर आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागलं. हात दाखवला तरी रडे, जवळ आल्या तरी रडे. सून म्हणाली, थकलाय. मेहुणा म्हणाला, झोप झाली की येईल. सासूबाई "हो हो" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला त्यांची पाठ दिसली. दीड वर्षापूर्वी जे होईल म्हणून त्या घाबरल्या होत्या, ते सगळ्यांच्या देखत झालं होतं.

थोड्या वेळाने त्या स्वयंपाकघरातून सरळ माजघरात गेल्या. कॉम्प्युटर बंद होता, तो त्यांनी चालूही केला नाही. त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि टेबलावर बोटांनी दोनदा टकटक केली.

"कोण आहे तिकडे?"

बाहेरच्या खोलीत पोराचं रडणं थांबलं. ते आईच्या कडेवरून उतरलं आणि दुडक्या चालीने माजघराच्या दारात येऊन उभं राहिलं. आधी त्याने काळ्या पडद्याकडे पाहिलं. जवळ जाऊन मॉनिटरच्या मागे वाकून पाहिलं. मग त्याची मान वळली. त्याने सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, हात वर करून पदराचा काठ मुठीत धरला आणि स्वतःच टेबलावर दोनदा थापटलं. त्यांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं.

मी दारातच, एका बाजूला मर्यादेने उभा होतो. बायको माझ्या शेजारी होती. सासूबाईंनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पोराने ओढल्यामुळे पदर खांद्यावर उतरला होता, तो त्यांनी सावरला नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलंच नाही.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "दिसते आहे ना?"

"दिसतंय, आईसाहेब," मी म्हटलं.